नवरदेव झोपला आहे

नागपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा तर आधी रेल्वेत एक अख्खी रात्र मोडावी लागते. त्यामुळे इथं समुद्र पाहून आलेली माणसं लगेच ओळखू येतात. गोव्याला एकदा जाऊन आलेला माणूस पुढं जन्मभर कुठल्याही विषयावरून लाटांवर येतो. आणि अशा या गावात, बेसा रोडवरच्या एका ले-आउटमध्ये, भैय्याजी रामटेक्यांच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या समोर चांगला हातभर खोल समुद्र होता. काचेच्या टाकीत असला म्हणून काय झालं? पाणी खारं होतं, तळाशी वाळू होती, दगड होते, आणि त्या सगळ्या समुद्राचा मालक असलेला एकच मासा होता.

मासा कसला, वरातीतल्या बँडवाल्याचा कोट अंगातल्या माणसाला टाकून एकटाच फिरायला निघालेला! अंग पोपटी, त्यावर गुलाबी आणि शेंदरी लाटा, डोळ्यांभोवती रेघा, शेपटीला काजळ. सौरवनं, म्हणजे भैय्याजींच्या मुलानं, त्याचं इंग्रजी नाव दोनदा सांगितलं होतं. भैय्याजींनी ते दोनदा ऐकलं आणि त्याला नवरदेव म्हणायला लागले.

नवरदेवाची एक खोड होती. संध्याकाळ झाली की तो वाळूत सूर मारायचा आणि अंगावर वाळू ओढून झोपायचा. सकाळी टाकीतला दिवा लागला की आधी तोंड वर काढायचा, हॉलमध्ये कोण आहे ते पाहायचा आणि मग बाहेर यायचा. हॉलमध्ये दर वेळी भैय्याजीच असायचे. तरी तो पाहून घ्यायचा.

टाकी सौरवची. तो विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचा. कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी हॅम्बुर्गला पाठवलं आणि तो तिकडं असतानाच त्याची आई, सुभद्रा, गेली. परत आला तेव्हा घरात बाप आणि लेक असे दोघेच उरले, आणि दोघांत बोलायला काही उरलं नाही. मग सौरवनं ही टाकी आणली. बोलणं नाही तर नाही, पाहायला तरी काही असावं. दोघंही ताट घेऊन टाकीकडे तोंड करून बसत आणि मुकाट्यानं जेवत. असं वर्षभर चाललं. मग सौरवला हॅम्बुर्गलाच कायमची नोकरी लागली. विमानात मासा नेता येत नाही, आणि बापाला न्यायचा विषय कोणी काढला नाही. दोघंही इथंच राहिले.

तेव्हापासून रोज चारच्या चहाला फोन यायचा. सौरवची तिकडं जेवणाची सुट्टी असायची. फोन व्हिडिओचा.

"जय भीम, बाबा. मासा दाखवा."

भैय्याजी फोन टाकीकडे वळवायचे. नवरदेव इकडून तिकडं एक चक्कर मारायचा.

"बरा दिसतो. ठेवतो मग."

एवढंच. भैय्याजींचा चहा कपात निवायच्या आत फोन झालेला असायचा. आपल्या गुडघ्याचं सांगावं, शेजारच्या प्रयागबाईच्या सुनेचं सांगावं असं त्यांच्या मनात खूप यायचं. पण सौरवला बापाचं ऐकायचं नसे, माशाचं पाहायचं असे. तरी भैय्याजी कुरकुर करत नसत. मासा आहे तर फोन आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मासा नसता तर सौरवनं काय पाहायला फोन केला असता?

म्हणून त्या मासळीची बडदास्त अशी होती की प्रयागबाई कंपाउंडवरून टोमणे मारायची.

"भैय्याजी, खायचा हाये का नुसता पाह्याचाच हाये?"

"पाह्याचा."

"मंग काय उपयोग वं माय! आमचे हे पण पाह्याचेच हायेत, पन निदान भाजी तरी आणून देतेत."

मग मे महिना आला. त्या मे महिन्याचं काय सांगावं! बेसा रोडचं डांबर असं पातळ झालं की प्रयागबाईची डावी चप्पल रस्त्यानं ठेवून घेतली ती मृगापर्यंत दिली नाही. कावळे झाडावरून उडायचे ते पंखांनी वारा घ्यायला, जायचं कुठं नसायचं. आणि नेमकं त्याच आठवड्यात टाकीचं पाणी गार ठेवणारं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला, त्यानं मशीनच्या पोटात डोकं घातलं आणि सामान मुंबईहून मागवावं लागेल असं सांगून जो गेला, तो मुंबईलाच पायी निघाला असावा.

भैय्याजी सगळी हयात कोराडीच्या वीज केंद्रात काढलेला माणूस. ऊन त्यांना घाबरवत नव्हतं. त्यांनी आपल्या खोलीतला कूलर ओढत हॉलमध्ये आणला, नवी खस लावली आणि कूलरचं तोंड टाकीकडे केलं. नवरदेव खसच्या वाऱ्यात राहू लागला आणि भैय्याजी डोक्याला ओला दुपट्टा बांधून दाराच्या फटीशी बसू लागले.

कूलरच्या वाऱ्यानं टाकीचं पाणी गार राहिलं खरं, पण भराभर आटू लागलं. पाणी कमी झालं तर भरत जा, असं सौरव सांगून गेला होता. भैय्याजींनी विचार केला. काय आटलं? समुद्राचं पाणी. मग भरायचं काय? समुद्राचंच. नळाचं साधं पाणी ओतून समुद्र पातळ करणारा माणूस आणि दुधात पाणी घालणारा गवळी यांत फरक काय? सौरवनं समुद्री मिठाची गोणी ठेवली होती. भैय्याजी रोज सकाळी बादलीत मीठ कालवायचे आणि मोठ्या इमानानं टाकी काठोकाठ भरायचे. काचेच्या कडेला पांढरी खपली धरू लागली. ते ती ओल्या फडक्यानं पुसून काढत आणि टाकी कशी लख्ख दिसते म्हणून खूश होत.

एका सकाळी दिवा लागला आणि नवरदेव वर आला नाही.

भैय्याजींनी वाट पाहिली. खाणं टाकलं. ते हलके हलके खाली गेलं आणि वाळूवर पडून राहिलं. त्यांनी काचेवर टिचकी मारली. वाळू तशीच सपाट. आत हात घालून वाळू चाळली असती तर एका मिनिटात समजलं असतं. त्यांनी बाही वर केली, हात पाण्यापर्यंत नेला आणि परत घेतला. हात घातला नाही तोवर मासा झोपलेला होता. हात घातल्यावर तो काय असेल, ते त्यांना इतक्यात ठरवायचं नव्हतं.

चार वाजता फोन आला.

"जय भीम, बाबा. दाखवा."

"झोपला हाये," भैय्याजी म्हणाले.

"आता? दुपारी?"

"मंग? शेचाळीस डिग्री हाये इथं. मे महिन्यात दुपारी नागपुरात कोण जागं राह्यते, सांग बरं मले? आता तो इथलाच झाला. जेवला, ढेकर देल्ला, अन् आडवा झाला."

तिकडून एक आवाज आला. भैय्याजींना आधी वाटलं, लाइन खराब झाली. मग त्यांच्या लक्षात आलं, पोरगा हसला होता.

"मासा ढेकर देते का, बाबा?"

"बुडबुडा येते ना! तोच ढेकर. तू इंजिनियर असून विचारून राहिला?"

त्या दिवशी चहा निवला. साय धरली. भैय्याजींनी तो नंतर गार प्याला आणि तो त्यांना फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशीही नवरदेव वर आला नाही. फोन मात्र आला, आणि भैय्याजी तयार होते. नवरदेवाला आता कुकरची शिट्टी समजते, ते म्हणाले. तिसऱ्या शिट्टीला वाळूतून निघतो, भात घ्यायला आल्यासारखा काचेशी उभा राहतो, आणि चौथी झाली की रुसून परत जातो, भात गिच्च झाला म्हणून. त्याच्या पुढच्या दिवशी प्रयागबाईनं सावजीच्या तिखटजाळ रश्शाची वाटी पाठवली.

"झाकण काढलं अन् वास गेला ना टाकीत! असा शिंकला, असा शिंकला, का सोफा भिजला. आता मी त्याच्यासमोर सावजी खात नाही. मागच्या खोलीत जाऊन खातो, चोरासारखा."

"बाबा, तुम्ही पण ना!" सौरव हसत होता. "काल मी इथं कँटीनमध्ये सांगितलं कुकरचं. सगळे हसून राहिले होते. आज विचारत होते, आता काय केलं म्हणून."

आता हॅम्बुर्गचं कँटीन वाट पाहतंय म्हटल्यावर भैय्याजींना मागं हटता येईना. नवरदेवानं मांजराला काचेतून असं काही सुनावलं की मांजरानं ले-आउट सोडलं. नवरदेवाला बातम्या आवडतात, पण क्रिकेट लागलं की तोंड फिरवतो. भैय्याजी पेपर वाचतात तेव्हा तो आतून मागचं पान वाचतो, म्हणून पान उलटायच्या आधी विचारावं लागतं. फोन लांबत गेले. मध्येच सौरव विचारू लागला, तुम्ही काय जेवले? गुडघा कसा आहे? झोप लागते का? भैय्याजी एका वाक्यात त्याचं उत्तर द्यायचे आणि घाईघाईनं माशावर यायचे. गुडघ्यात ऐकण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटायचं.

फोन ठेवला की घर पुन्हा होतं तसं व्हायचं. कूलर घरघरायचा. टाकीत दिवा जळायचा, दगड दिसायचे, वाळू दिसायची. शिंकणारा, रुसणारा, पेपर वाचणारा मासा हॅम्बुर्गला निघून गेलेला असायचा. भैय्याजी काचेसमोर बसून राहायचे. सकाळी बादलीत मीठ कालवायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. ते सोडलं असतं तर झोपलेल्याला गेलेला म्हटल्यासारखं झालं असतं.

उलगडा झाला तो वरणावरून. एका संध्याकाळी गॅसवर वरण ठेवून ते सोफ्यावर टेकले आणि तिथंच डोळा लागला. उठून पाहतात तो वरण आटून निम्मं झालेलं. चाखलं तर खारट ढोण. त्यांनी लोटाभर पाणी घेतलं, पातेल्यात ओतायला तिरका केला, आणि हात तसाच थांबला. आटलं होतं पाणी. मीठ कुठं गेलं होतं? ते पातेल्यातच होतं. आटलेल्या वरणात वरून मिठाचं पाणी घालणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि हॉलमध्ये आपण रोज दुसरं काय करत होतो?

ते लोटा घेऊनच टाकीपाशी गेले. बोट बुडवून चाखलं. जीभ अशी आत ओढली गेली की तिला परत बोलावायला वेळ लागला.

बॉयलर तापलेला असताना त्याला एकदम गार पाणी देत नसतात, हे कोराडीत शिकलेलं. त्यांनी टाकीतलं थोडं पाणी काढलं आणि पिण्याचं पाणी गाळणाऱ्या मशीनचं साधं पाणी पेल्यापेल्यानं घातलं. थांबले. पुन्हा पेलाभर. असं ते काही दिवस करत राहिले. कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. फोनवर तोवर नवरदेव शेजारच्या ले-आउटमधल्या लग्नाच्या बँडवर नाचून दमला होता.

आणि एका दुपारी, जेवून हात धुऊन ते हॉलमध्ये आले तर वाळूतून एक तोंड वर आलेलं होतं. डोळे फिरले. हॉलमध्ये कोण आहे ते पाहून घेतलं. मग अंग बाहेर आलं. बारीक झालेलं, पोट खपाटीला गेलेलं, गुलाबी लाटा धुऊन धुऊन विटल्यासारख्या. पण पोहत होतं.

"सुभद्रा! पाह्य वं, उठला!" भैय्याजी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ते थोडा वेळ तिकडंच पाहत उभे राहिले. मग त्यांनी फ्रीजमधून माशाचं खाणं काढलं. नवरदेवानं एक कण तोंडात घेतला, टाकला, पुन्हा घेतला. भैय्याजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी दुपट्ट्यानं पुसलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

चार वाजायला आले होते.

आता काय दाखवायचं? हा बारीकसा, विटका मासा, जो शिंकत नाही, रुसत नाही, शिट्टी ओळखत नाही? आणि दाखवला की सौरव काय म्हणणार, ते त्यांना पाठ होतं. बरा दिसतो. ठेवतो मग. चहा पुन्हा गरम राहणार. फोनची रिंग वाजली तसा त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि टाकीवर टाकला. नवरदेव आत, जिवंत, आणि भैय्याजी बाहेर, घामानं थबथबलेले.

"जय भीम, बाबा. हे काय झाकलं?"

"त्याले लाज येऊन राहिली आजकाल. म्हणते, नजर लागते."

सौरव हसला नाही.

"आता पुरे, बाबा," तो म्हणाला. "मासा गेला ना?"

भैय्याजींनी टाकीवरचा दुपट्टा उगाच सारखा केला.

"मले पहिल्याच दिवशी समजलं. झोपला हाये म्हणाले ना तुम्ही, तेव्हाच. मले वाटलं, माणूस एकटा आहे, मासा पण गेला, आता फोन तरी रोज जास्त वेळ करू. म्हणून ऐकत होतो."

"सौरव, तसं नाही बाबू..."

"आईच्या वेळेस पण हेच सांगितलं तुम्ही. रोज फोन केला मी. रोज म्हणाले, झोपली हाये. झोपली हाये, उठली का सांगतो. मी तिथं परीक्षा देत बसलो. आणि आलो तेव्हा..." त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. "म्हणून मी विचारतच नाही तुम्हाले काही. दाखवा म्हणतो."

भैय्याजींना दवाखान्यातली ती खाट आठवली. सुभद्रा खरोखरच झोपल्यासारखी दिसत होती. त्यांनी काही डॉक्टरला खोदून विचारलं नव्हतं.

"हे पाह्य," ते म्हणाले आणि त्यांनी दुपट्टा ओढला. "हा पाह्य! जिता हाये. खरंच झोपला होता रे. पाणी खारट झालं होतं माह्या हातानं, म्हणून वाळूत दडून बसला. आज उठला. आईशप्पथ!"

फोनमध्ये सौरवचा चेहरा जवळ आला. नवरदेवानं त्याच्यासाठी सावकाश एक चक्कर मारली.

"हा तो नव्हे," सौरव म्हणाला.

"अरे तोच हाये!"

"त्याचा रंग कुठं असा होता? तो केवढा होता! इतके दिवस मासा वाळूत काही न खाता राह्यते का? हा तुम्ही नवीन आणला, बाबा. कुठून आणला, तेवढं सांगा."

"अरे, मी कुठून आणीन? मी बेसा चौकाच्या पलीकडं गेलो नाही महिनाभर. सौरव, मी खरं बोलून राहिलो!"

"बाबा." सौरवचा आवाज आता एकदम हळू झाला. लहानपणी ताप यायचा तेव्हा असा व्हायचा. "मी काहीच म्हणणार नाही. रागावणार नाही. एकदा फक्त मले खरं सांगा. एकदा."

भैय्याजींनी काचेकडे पाहिलं. नवरदेव काचेशी येऊन उभा होता, तोंड उघडत होता, मिटत होता. साक्षीदार म्हणून त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी आजवर एवढं रचून सांगितलं होतं, आणि पोरानं सगळं हसत ऐकून घेतलं होतं. आज एकच गोष्ट जशी घडली तशी सांगितली, तर ती त्याच्या घशाखाली उतरेना. आणि पोरगा वाट पाहत होता. इतक्या वर्षांत तो बापाच्या एखाद्या शब्दाची अशी वाट पाहत बसला नव्हता.

"हो," भैय्याजी म्हणाले. "नवाच हाये."

"आणि तो?"

"तो गेला. तू म्हणतो त्याच दिवशी."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"झालं," सौरव म्हणाला. "एवढंच पाहिजे होतं मले. बरं केलं सांगितलं. बाबा, आईचं पण... जाऊ द्या. ते तुम्हीच बोला कधी. तुमचं मन होईल तेव्हा. मी ऐकतो."

"सांगीन."

"दिवाळीला येतो मी. सुट्टी टाकतो. आणि याचं नाव ठेवा काही तरी, पहिल्याचंच ठेवू नका. उद्या विचारतो."

फोन बंद झाला. भैय्याजी सोफ्यावर बसले. चहा त्यांनी केलाच नव्हता, ते आत्ता लक्षात आलं. उद्याही फोन येणार होता. दिवाळीला पोरगा येणार होता. हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि तरी कोणी तरी नुकतंच उठून गेल्यासारखा हॉल रिकामा वाटत होता.

नवरदेवानं टाकीतून आणखी एक चक्कर मारली. त्याच्या अंगात अजून पुरता जोर नव्हता. मग दिवेलागणीच्या आधीच त्यानं तोंड खाली केलं, वाळूत सूर मारला आणि शेपटी तेवढी वर ठेवून हलवली. मग तीही आत गेली.

या घरात खरं काय घडलं ते आता दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतला एक झोपला होता.